जाळीबाहेरची हरणी

अप्पा, "जीव वाचवला की तो आपला झाला," असं तुम्ही एकदा म्हणाला होतात. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे होतात, एक हात चौकटीला, दुसऱ्या हातानं छातीशी धरलेला खांद्यावरचा मोठा रुमाल, आणि त्या रुमालातून दोन लांब कान बाहेर आलेले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला आता डोळे मिटून बसावं लागतं. हे वाक्य तेवढं आपोआप ऐकू येतं. परवा ते पुन्हा ऐकलं, धाकट्याच्या तोंडून. त्याला ते वावरापुढच्या पाटीवर रंगवून घ्यायचं आहे, तुमच्या फोटोखाली. तोच फोटो, ज्यात तुम्ही दुकानाच्या पायरीवर बसून पाडसाला बाटलीनं दूध पाजताय. "अक्का, तू लिहितीस, अप्पांवर चार ओळी दे की सजवून," म्हणाला. त्या चार ओळी काही जमल्या नाहीत. म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

तो दिवस मला नीट आठवतो. वावरात ज्वारीची काढणी चालू होती आणि तुम्ही अडत दुकान गड्यावर सोपवून सकाळीच सायकलवर गेला होतात. बायका ओळी धरून पुढे सरकत होत्या, आणि उभ्या ताटांमध्ये पाडस बसलेलं दिसलं, मान जमिनीला चिकटवून. माणसं जवळ आली तरी ते हाललं नाही. कुत्री टपली होती म्हणून उचललं, असं तुम्ही सांगितलंत. कुत्री खरंच होती का हे मला माहीत नाही. पुढे तुम्ही ती गोष्ट गिऱ्हाइकांना सांगत गेलात तशी कुत्री वाढत गेली. अव्वा चुलीपुढे भाकरी थापत होती. तिनं मान वर करून बघितलं आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, "अवं, त्याची माय आसंल की तिथंच. हरणी पिल्लाला बसवून चरायला जाती."

"माय असती तर सोडून गेली असती का?"

"माजी माय मला बांधावर निजवून कापूस वेचायची. कुणी उचलून नेलं असतं म्हंजे?"

"तुला कोण नेतंय!" तुम्ही बायकोला म्हणालात, आणि आम्ही सगळे हसलो. अव्वाही हसली, पिठाचा हात तोंडावर धरून. मग तीच उठली, धाकट्यानं नुकतीच सोडलेली दुधाची बाटली शोधून काढली, सुई तापवून तिच्या रबरी बुचाचं भोक मोठं केलं. पाडस आधी तोंड फिरवत राहिलं. तुम्ही बोटावर दूध घेऊन त्याच्या ओठांना लावत राहिलात, दुकानातून बोलावणं आलं तरी उठला नाहीत. त्यानं पहिला घोट घेतला तेव्हा तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि तेव्हाच, त्याला रुमालात घेऊन पुन्हा उंबऱ्यात उभं राहून, तुम्ही ते वाक्य बोललात.

तुम्ही दुष्ट नव्हतात, हे मी सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. आपल्या घरात मुंगीच्या वारुळाला साखर घातली जायची. पावसाळ्यात दुकानात साप निघाला तर तुम्ही तो काठीवर उचलून ओढ्यापलीकडे सोडून यायचात, आणि मानवतच्या मोंढ्यात, बाजारातले लोक तुम्हाला त्यावरून चिडवायचे, "शेटजी, सापाला घरी पोचवून आलाव का?" तुम्ही पाडसाचं नाव नंदी ठेवलंत. सकाळी गळ्यातल्या लिंगाची पूजा झाली की स्वतःच्या कपाळावर विभूती लावायची, मग आमच्या, मग त्याच्या. कुणी म्हटलं, शेटजी, हे रानातलं जनावर हाय, तर तुमचं उत्तर तयार असायचं. "खुद्द महादेवाच्या हातात हरीण असतंय, मग माझ्या दारात का नसावं?" दिवाणखान्यातल्या तसबिरीत ते हरीण होतं. देवाच्या दोन बोटांत धरलेलं, इवलंसं, पुढचे पाय उचललेलं, उडी मारायच्या बेतात. मी ती तसबीर पुष्कळदा बघत बसायची. ते हरीण खाली कधी उतरतं, हे मला तेव्हा कळायचं नाही. आता वाटतं, त्या उडीतच ते कायमचं राहिलं आहे.

दुकानामागच्या अंगणात कापसाची थप्पी लागायची. एका बाजूला भिंत, एका बाजूला गोदाम, तिसरीकडे पत्र्याचं मोठं फाटक, मधोमध लिंबाचं झाड. नंदीला तेवढंच जग. पहिलं वर्ष तो आमच्या मागे मागे फिरला. मी शाळेतून आले की दप्तराचा पट्टा चघळायचा. गिऱ्हाइकं पोरांना घेऊन यायची, सरकीची पेंड हातावर ठेवायची आणि तो खरबरीत जिभेनं हात चाटून घ्यायचा. मग तो मोठा झाला. अंगावरचा तपकिरी रंग वरून काळा पडत गेला, शिंगांना पीळ आला, आणि तो चालायला लागला. भिंतीच्या कडेनं, गोदामापर्यंत, वळून फाटकापर्यंत, फाटकाला नाक लावून जरा थांबायचं, पुन्हा भिंतीची कड. त्याच्या खुरांनी फरशीच्या बाजूच्या मातीत चर पडला. पावसात त्या चरात पाणी साचायचं आणि तो त्या पाण्यातूनच चालायचा, एक पाऊल बाजूला टाकायचा नाही. दुपारी मी अभ्यासाला बसले की ते खुरांचं टकटक चालू असायचं, आणि कधी थांबलं तर आम्ही सगळे माना वर करायचो.

एकदा मी तुम्हाला विचारलं, "अप्पा, ह्याला पळायला कुठाय?" तुम्ही तराजूचं पारडं पुसत होतात. पुसणं थांबवलंत. मला वाटलं तुम्ही विचार करताय, पण तुम्ही रागावला होतात. "खायला हाय. पाणी हाय. कुत्री न्हाईत, शिकारी न्हाईत. आजून काय पाहिजे त्याला? तुला लय कळायलंय का?" तुम्ही मला क्वचितच रागवायचात, म्हणून मी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. पण तो माझ्याकडेच राहिला, अप्पा. शिळा झाला, संपला नाही.

त्यानं अव्वाला मारलं तो दिवस संक्रांतीच्या आसपासचा. अव्वा टोपल्यात पाला घेऊन अंगणात गेली, रोज जायची तशीच. तो झाडाखाली उभा होता. त्यानं मान खाली घातली आणि सरळ आला. शिंग मांडीत गेलं. अव्वा ओरडली नाही, तिनं फक्त टोपलं पुढे धरलं, आणि तो टोपल्यावर धडका देत राहिला, तुम्ही धावत येईपर्यंत. त्यानंतर अव्वा कायमची एका पायानं लंगडली. तुम्ही सुताराकडून आरी आणलीत. दोन गड्यांनी नंदीला आडवा पाडला, तुम्ही त्याचं डोकं मांडीवर घेतलंत, आणि शिंगं कापताना तुम्हीच रडत होतात. रक्त आलं तिथे हळद भरलीत, वरून विभूती. "वेड लागलं होतं त्याला," तुम्ही अव्वाला समजावलंत, "मनानं वाईट न्हाई." वेड नव्हतं ते, अप्पा. रानातलं काळवीट माणसाला बघून पळतं. ते लढतं फक्त दुसऱ्या काळविटाशी. नंदीनं दुसरं काळवीट बघितलंच नव्हतं, त्याला आपणच त्याची जात वाटायचो. आपण त्याला आपला केला, म्हणून तो आपल्याशी लढला.

तरीही तुम्ही त्याला सोडायचा प्रयत्न केलात, हे मी विसरलेले नाही. अव्वाच्या माहेरची माणसं येऊन बोलून गेली, तुम्ही टेम्पो ठरवलात, मलाही बरोबर घेतलंत. वावरापलीकडच्या पडीक रानात कळप चरत होता. आपण टेम्पो लांब उभा केला, फाळका पाडला, नंदीला खाली उतरवलं. तो उभा आहे. त्याच्यापुढे भिंत नाही, फाटक नाही, आणि तो पाऊल टाकत नाही. मग कळपानं माना वर केल्या. मग तो चालू लागला, हळू, आणि तुम्ही माझा हात इतका घट्ट धरलात की दुखायला लागला. हरण्या उड्या मारत लांब गेल्या. एक मोठा काळा नर मात्र पुढे आला, मान मागे टाकून, मिरवत. नंदीनं डोकं खाली घातलं. डोक्यावर काहीच नव्हतं, दोन खुंट होते. एकच धडक झाली. नंदी कोलमडला, उठला, आणि मागे फिरून जो सुटला तो टेम्पोपाशी येऊन थांबला. त्याच्या बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या, जीभ बाहेर आली होती. तुम्ही त्याच्या गळ्यात पडलात. मला म्हणालात, "बघ माय, आला! आपल्याबिगर करमत न्हाई त्याला." तुमचा चेहरा त्या वेळी जितका उजळला होता तितका मी माझ्या लग्नातही बघितला नाही. तो कुठे जाणार होता, हे मला विचारायचं होतं. घरी येईपर्यंत तो टेम्पोत थरथरत होता आणि तुम्ही त्याच्या पाठीवरून हात फिरवत होतात, त्याला थंडी वाजते म्हणून.

तो गेला तेव्हा मी दहावीत होते. दुपारची मिरवणूक होती कुठलीशी, बँडवाले फाटकासमोर थांबले आणि ताशा सुरू झाला. नंदी अंगणात पळाला, जिथे पळायला जागा नव्हती तिथे पळाला, आणि पत्र्याच्या फाटकावर गेला. मान मोडली. तुम्ही त्याला वावरात नेलंत, जिथे सापडला होता तिथेच. जंगम स्वामी म्हणाले, जनावराला आपला विधी करता येत नाही. तुम्ही म्हणालात, मग मी करतो. आपल्या लिंगायतांत माणसं पुरतात तसा कोनाड्याचा खड्डा खणलात, त्याचे पाय दुमडून त्याला बसतं केलंत, कपाळाला विभूती, वर बेलाची पानं, मग माती. गावात सगळ्यांनी तुमचं कौतुक केलं. पुढे तुम्हालाही आम्ही असंच बसवलं, हातात लिंग देऊन, आणि तुमचे गुडघे दुमडताना मला नेमका तोच आठवला. तुमचं बसणं तुमचं होतं, अप्पा. जन्मभर रोज सकाळी तसेच बसत आला होतात. तो मात्र मेल्यावरसुद्धा हरणासारखा आडवा पडला नाही. तेवढंही आपण त्याला दिलं नाही.

मी चारठाण्याची देवळं बघायला गेले होते, तुमच्यानंतर पुष्कळ वर्षांनी. परतताना एसटी बंद पडली आणि आम्ही बांधावर सावलीला बसलो. समोरच्या हरभऱ्यात एक हरणी आली. थांबली, इकडे तिकडे बघितलं, आणि जिथे काहीच नव्हतं तिथून एक पाडस उठून उभं राहिलं. इतका वेळ ते तिथेच होतं, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. ते तिच्या पोटाखाली शिरलं, ढुशा देऊन प्यायलं. मग ते पुन्हा खाली बसलं आणि दिसेनासं झालं, आणि ती चरत चरत लांब निघून गेली. बसमधल्या बायका शेंगा खात होत्या. मी उठून दुसरीकडे गेले, कारण मला रडू आवरेना आणि कशाचं ते कुणाला सांगता आलं नसतं. ती त्याला सोडून जात नव्हती. आपल्यावर कुणाची नजर गेली तरी मागोमाग ती त्याच्यावर जाऊ नये, म्हणून लांब जात होती. अव्वाचं बरोबर होतं. तुम्ही नंदीला कशातूनच वाचवलं नव्हतं. संध्याकाळी त्याची माय आली असेल, ज्वारी कापून मोकळ्या झालेल्या रानात उभी राहिली असेल.

हे सगळं मी मनातच ठेवलं असतं. पण धाकट्यानं आता पाथरीच्या रस्त्यावर आपल्या त्याच वावरात पाहुण्यांसाठी जागा केली आहे. हुरडा, झोके, बैलगाडीतून चक्कर, पोरांना बघायला ससे आणि बदकं. पाथरीला दर्शनाला जाणाऱ्या गाड्या थांबतात, चांगलं चाललंय. गेल्या महिन्यात शेजारच्या शेतकऱ्याला हरभऱ्यात पाडस सापडलं आणि तो ते धाकट्याकडेच घेऊन आला. "तुमच्या अप्पांनी पाळलं होतं, तुमीच सांभाळा." धाकट्यानं जाळी मारून त्याला कोपरा करून दिला आणि मला फोनवर एक चित्रफीत पाठवली, खाली हसरे चेहरे. जाळीबाहेर हरणी उभी होती. रोज संध्याकाळी येते, त्यानं लिहिलं होतं, लोकांना लई आवडायलंय.

मी दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं परभणीहून गेले. तो शनिवार होता. "आजच सोड," मी म्हटलं, "ती अजून येतीय, तोवर सोड."

"सोडतो की अक्का, मी न्हाई म्हनलो का? पण उद्या रविवार. लय गाड्या यायच्यात. लोकं फोन करून इचारायलेत, पिल्लू हाय का म्हणून. सोमवारी बघू."

"सोमवारपर्यंत ती येईल कशावरून?"

"माय हाय ती. माय येतीच की." आणि हसला. मग माझं तोंड बघून जरा चिडला. "अप्पांनी केलं ते पुण्य, आन् मी केलं की पाप व्हय? तूच शाळेत निबंध लिहिला होतास, आमचा नंदी म्हणून. बक्षीस आणलं होतंस."

मी फोन हातात घेतला. वनखात्याला कळवायचं एवढंच करायचं होतं. अव्वा बाजल्यावर बसून शेंगा सोलत होती. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. "भावाला बेड्या घालतीस काय?" म्हणाली. आणि जरा वेळानं, शेंगांशीच बोलल्यासारखं, "तुज्या अप्पानं ऐकलं न्हाई, ह्यो काय ऐकतोय." मी फोन ठेवला. तिचा तो पाय तसाच सरळ पसरलेला होता.

संध्याकाळी हरणी आली. मी स्वतः बघितली. ती जाळीपाशी येऊन घशातल्या घशात काहीतरी म्हणाली आणि पाडस उठलं. त्यानं जाळीच्या चौकोनातून नाक बाहेर काढलं, नाकच तेवढं निघत होतं. ती आडवी उभी राहिली, कास जाळीला टेकवून. तिला माहीत होतं त्याला काय हवंय, त्याला माहीत होतं ती कशाला आलीय, आणि मध्ये तार होती. पंधरावीस माणसं फोन धरून उभी. एका पोरीनं बापाला विचारलं, "पप्पा, ती आत का येत नाही?" बाप म्हणाला, "तिकीट नाही काढलं तिनं." लोक हसले. धाकटाही हसला. वाईट हसला नाही, अप्पा, तुम्ही अव्वाला हसला होतात तसाच.

रविवारी त्यानं लाउडस्पीकर लावला. ती आली नाही. सोमवारी त्यानं शब्द पाळला, मला बोलावून स्वतः फाटक उघडलं. आम्ही अंधार पडेपर्यंत थांबलो, ती काही आली नाही. पाडस बाहेर आलं, वास घेत चार पावलं गेलं, उभं राहिलं. मग वळलं आणि धाकट्याच्या लेकीकडे धावत आलं, कारण तिच्या हातात बाटली होती. "बघ अक्का, जातच न्हाई," तो म्हणाला, "आता मी काय करू?" त्याचा चेहरा उजळला होता. मला तुमचा हात माझ्या हातावर जाणवला, तेवढाच घट्ट.

पाडस नर आहे. दोन वर्षांत त्याला शिंगं येतील. ती पोर आत्ताच जाळीत शिरून त्याच्या गळ्यात पडते. मी हे धाकट्याला सांगितलं, अव्वाचा पाय दाखवून सांगितलं. "तवा बघू," म्हणाला, "कापता येत्यात की." आता फोन करून काय व्हायचं, त्याला इथून उचलून दुसऱ्या कुठल्या जाळीत ठेवतील. तिची यायची वेळ होती तेवढ्यातच काय ते होणार होतं, आणि ती वेळ आम्ही सगळ्यांनी मिळून घालवली.

पाटीसाठी मी ओळी दिल्या नाहीत, तर तो म्हणाला, राहू दे, अप्पांचंच वाक्य टाकतो, ते काय वाईट हाय. पुढच्या आठवड्यात रंगारी येणार आहे.

हे पत्र कुठे टाकणार मी, वावरातल्या तुमच्या समाधीच्या ओट्यावर ठेवलं तरी धाकटाच उचलून वाचेल. तेव्हा इथे माझ्याकडेच राहील ते. पण एक गोष्ट कबूल करते, ती दुसऱ्या कुणाला सांगता यायची नाही. निघताना त्या पोरीनं बाटली माझ्या हातात दिली. पाडसानं मान वर केली, माझ्या बोटासकट बूच तोंडात घेतलं. किती ऊबदार तोंड होतं ते. आणि तेवढा वेळ, अप्पा, बाटली रिकामी होईपर्यंत, मला वाटलं, हे माझं आहे.

म्हणून तुमच्याकडे एक मागते. धाकट्याच्या स्वप्नात या. त्याला तुमचं ऐकायची सवय आहे, माझं ऐकायची नाही. पाटी रंगवायच्या आधी या. फार काही बोलू नका, त्याला रागवूही नका. फक्त "त्याची माय होती," एवढं म्हणा आणि जा. तुम्ही म्हणणार नाही, हे मला ठाऊक आहे. चौकटीला हात लावून उभे राहाल, आणि आम्हा सगळ्यांनाच विचाराल, माय असती तर सोडून गेली असती का.